नंदीबेट्टाच्या पायथ्याची लाल वाइन

बेंगळुरूला गेलेली आपली मंडळी नंदीबेट्टावर चढून टिपू ड्रॉप पाहतात आणि परततात. पायथ्याशी दोड्डबळ्ळापूर तालुक्यात ग्रोव्हरांचा द्राक्षमळा आहे, तिकडे फारसे कुणी वळत नाही. कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ मध्ये हा उद्योग उभारला. पुढे बोर्दोचे नामवंत तज्ज्ञ मिशेल रोलाँ यांचा सल्ला त्याला लाभला. येथली ‘ला रिझर्व्ह’ ही लाल वाइन काबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ या दोन जातींची, ओकच्या पिंपात मुरवलेली.

माझ्यासोबत तासगावचे मामा होते. चिमुकले मणी पाहून म्हणाले, “यात काय पिकणार?” पण लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो. म्हणून मणी लहान, साल जाड हवी. वेलीवर घडही मोजकेच ठेवतात. अकलूजच्या फ्रातेल्लीची ‘सेत्ते’ घ्या, तीही नावाजलेली. तिच्यात काबर्नेला सांजोव्हेझेची जोड आहे. बाटली घेताना लेबलावरची जात आणि वर्ष वाचावे, उन्हात मांडलेली घेऊ नये.

मामांचा मुलगा बाग तोडून ऊस लावायचे म्हणतो आहे. परतीच्या वाटेवर मामांनी त्याला फोन केला, “दोन एकर ठेव. घड कमी धर, पण बाग ठेव.”