न वाचलेली शपथपत्रं

उमेदवारावरचे खटले, त्याची मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण जाणून घेण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मतदाराला 2002 साली दिला आणि 2003 साली पक्का केला. मी पहिलं शपथपत्र उघडलं 2023 साली. मधल्या काळात एकही निवडणूक चुकवली नाही. रांगेत उभं राहून, बोटाला शाई लावून घरी आलो की कर्तव्य पार पडलं असं वाटायचं. कोणाला मत दिलं यापेक्षा कसं दिलं, तिथे माझं चुकत गेलं. ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण माझ्या ओळखीची बरीच शहाणी माणसं आजही तसंच मत देतात.

आमचं घर ग्वाल्हेरला, गोरखीच्या मागच्या गल्लीत. गोरखी म्हणजे महाराज बाड्याला लागून असलेला शिंद्यांचा जुना वाडा, दौलतरावांनी शहराचा लष्कर हा भाग वसवला त्या काळातला. शिंद्यांचं देवघर अजून तिथेच आहे, दसऱ्याला महालातली, म्हणजे शिंदे घराण्यातली मंडळी तिथे पूजेला येतात. अटलबिहारी वाजपेयी ज्या गोरखी शाळेत शिकले तीही इथलीच. अशा जागी वाढलेल्या मराठी मुलाच्या कानावर राजकारण लहानपणापासून पडतं, पण ते एकाच प्रश्नाच्या रूपात: महालाचं काय ठरलं?

डिसेंबर 1984 मध्ये मी पहिल्यांदा मत दिलं. एका बाजूला वाजपेयी, दुसऱ्या बाजूला अगदी शेवटच्या घटकेला गुणा मतदारसंघ सोडून इकडे आलेले माधवराव शिंदे. सगळा देश ग्वाल्हेरकडे बघत होता. माधवराव पावणेदोन लाखांच्या फरकाने निवडून आले, आणि त्यांत माझंही एक मत होतं. वडिलांचं तेच, काकांचं तेच, म्हणून माझंही तेच. ते मत बरोबर होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. बाड्यावर सभा होत होत्या, घरापासून पाच मिनिटांवर, आणि मी दोघांपैकी एकाचंही भाषण शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

आमचं शहर लहान पक्षाला घाबरतं असं कोणी म्हटलं तर ते खरं नाही. 1952 च्या पहिल्या निवडणुकीत देशभर काँग्रेस जिंकत असताना ग्वाल्हेरने हिंदू महासभेचे वि. घ. देशपांडे निवडून दिले. ते गुण्यातूनही निवडून आले होते, म्हणून त्यांनी ग्वाल्हेरची जागा सोडली, तर पोटनिवडणुकीत पुन्हा महासभेचेच ना. भा. खरे आले. 1996 मध्ये काँग्रेसने तिकीट नाकारल्यावर माधवराव नव्या पक्षाच्या चिन्हावर उभे राहिले आणि तरीही मोठ्या फरकाने जिंकले. चिन्ह नवं असलं की लष्करातली माणसं बिचकतात असं नाही. आम्हाला, निदान आमच्या घरातल्यांना, ओळखीच्या नावाबाहेर बघायची सवय नव्हती.

पुढे घराण्याची ओढ ओसरली, तर तिच्या जागी दुसरी सवय आली: हा नको म्हणून तो. दोन मोठ्या पक्षांतला जास्त नकोसा कोण ते ठरवायचं आणि त्याच्या विरुद्ध बटण दाबायचं. यादीतली बाकीची नावं माझ्या दृष्टीने तिथे नव्हतीच. या सवयीला मी व्यवहार म्हणत असे आणि इतरांनाही तोच शिकवत असे.

त्यातली एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त बोचते. 2013 च्या विधानसभेला माझी भाची, ताईची मुलगी, आमच्याकडे राहून शिकत होती. तिचं पहिलंच मतदान. आमच्या ग्वाल्हेर दक्षिण मतदारसंघातल्या एका लहान उमेदवाराबद्दल तिने बरंच वाचलं होतं, मैत्रिणींशी बोलली होती. जेवताना तिने विषय काढला आणि मी तो तिथेच दाबला. मत वाया घालवू नकोस, पहिलं मत आहे, ते कामी आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगितलं, आवाज चढवून. मामा म्हणतात म्हणून तिने ऐकलं. मतदान गुप्त असतं हे मी शाळेत मुलांना शिकवलेलं आहे, आणि घरात मात्र केंद्रावरून आल्या आल्या तिला विचारलं, दिलंस ना मी सांगितलं तिथे?

2018 पर्यंत मी दोन्ही पक्षांना वैतागलो होतो. ‘नोटा’चं, म्हणजे ‘यातला कोणीच नको’ याचं बटण सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2013 च्या निकालाने आलं, आणि त्याच वर्षी ते पहिल्यांदा वापरलं गेलं त्या राज्यांत आपला मध्य प्रदेशही होता. 28 नोव्हेंबर 2018 ला मी ते दाबलं आणि ताठ मानेने बाहेर आलो. शेवटी मनाचं ऐकलं, असं वाटलं. 11 डिसेंबरला निकाल लागला. ग्वाल्हेर दक्षिणमध्ये काँग्रेसचे प्रवीण पाठक भाजपच्या नारायण सिंह कुशवाह यांच्यापेक्षा 121 मतांनी पुढे राहिले. माजी महापौर समीक्षा गुप्ता अपक्ष होत्या, त्यांना तीस हजारांहून जास्त मतं पडली, आणि नोटाला दीड हजारांहून जास्त.

धाकटा भाऊ त्या संध्याकाळी आला आणि म्हणाला, ‘दादा, एकशे एकवीस. आता सांगा, तुमच्या नोटाने काय केलं?’ मी तत्त्वावर बोलत राहिलो. खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण त्याचा प्रश्न योग्य होता. इतक्या कमी मतांवर जागा हलत असेल तर प्रत्येक मताला वजन आहे, आणि ‘माझ्या एका मताने काय होतं’ ही पळवाट मला बंद झाली होती. पण मला जास्त टोचलं ते वेगळंच. यंत्रावर नोटाच्या वर इतरही नावं होती. मी त्यांच्यातल्या एकाचीही माहिती काढली नव्हती. यातला कोणीच नको, असं मी सांगून आलो होतो, आणि ‘यातले’ कोण हे मला ठाऊक नव्हतं. नोटा हा माहिती घेऊन दिलेला नकार असला तर मी त्याचा मान ठेवीन. माझा नोटा आळसाचा होता. शिवाय त्या बटणाने कोणी पडत नाही. 2024 मध्ये इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतल्यावर नोटाला दोन लाखांहून जास्त मतं पडली, तरी निवडून यायचे ते शंकर लालवाणी आलेच.

भावाच्या हिशेबाला दीड वर्षात निराळं उत्तर मिळालं. 230 जागांच्या सभागृहात काँग्रेसला 114 आणि भाजपला 109 अशा जागा होत्या, बहुमताला 116 लागत होत्या. मार्च 2020 मध्ये काँग्रेसच्या 22 आमदारांनी राजीनामे दिले, त्यांत आमच्याच शहरातल्या ग्वाल्हेर आणि ग्वाल्हेर पूर्व या दोन जागांचे आमदारही होते. 20 मार्चला काँग्रेसचे मुख्यमंत्री कमलनाथ यांनी राजीनामा दिला, 23 मार्चला भाजपचे शिवराजसिंह चौहान पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्या दोन जागांवर ज्यांनी केवळ ‘तो नको’ म्हणून ‘याला’ मत दिलं होतं, त्यांना ज्याला अडवायचं होतं तोच पक्ष सत्तेवर आला. जे घडलं ते योग्य की अयोग्य, याबद्दल लष्करात आजही दोन मतं आहेत. मी त्यातून माझ्यापुरतं एवढं घेतलं की दुसऱ्याला अडवण्यासाठी दिलेल्या मताची हमी कोणीच देत नाही. मी ज्याला व्यवहार म्हणत होतो, त्यात माझ्या हातात काहीच येत नव्हतं.

2023 च्या नोव्हेंबरात मी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर बसलो आणि आमच्या जागेवरच्या सगळ्या उमेदवारांची शपथपत्रं एकेक करून वाचली. नमुना 26 म्हणतात त्याला. प्रलंबित खटले आणि त्यांची कलमं, पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणातलं उत्पन्न, नवरा-बायको आणि अवलंबितांची मालमत्ता, बँकांची कर्जं, सरकारी घराचं वीज-पाणी थकलं असेल तर तेही, सगळं असतं. दोन-तीन संध्याकाळचं काम. अपक्ष म्हणजे स्वच्छ, हा माझा समज पहिल्याच संध्याकाळी गेला. मोठ्या पक्षाचा म्हणजे भ्रष्टच, हाही गेला. मग जे कागदावर बरे वाटले त्यांना फोन लावले. लष्कराला तिघरा धरणाचं पाणी दिवसाआड का येतं आणि स्वर्णरेखा नदीचा नाला झाला त्याचं काय करणार, हे दोनच प्रश्न. एकाने कार्यकर्त्याच्या हाती फोन दिला. एकाला तिघरा धरण एवढंच माहीत होतं. एकाने मात्र जलवाहिन्यांची गळती, पंपांची वेळ, कोणत्या टाकीतून कोणत्या मोहल्ल्याला पाणी जातं हे वहीतून वाचून दाखवलं, आणि नदीबद्दल सरळ म्हणाला, हे आमदाराच्या एकट्याच्या हातात नाही.

मी त्याला मत दिलं. तो निवडून येणार नव्हता आणि आला नाही. त्या वेळी कुशवाह अडीच हजारांच्या आसपास मतांनी जिंकले. भाऊ पुन्हा आकडा घेऊन आला, पण या वेळी मी त्याच्याशी पाण्याबद्दल बोललो, आणि बऱ्याच वर्षांनी आमचं निवडणुकीवरचं बोलणं भांडणाशिवाय तासभर चाललं. पुढच्या वेळी दोन मोठ्या उमेदवारांपैकी एखाद्याचं उत्तर असं असलं तर मी त्याला देईन. लहानाला द्यायचंच, अशी शपथ मी घेतलेली नाही.

निकालानंतर भाचीला फोन केला. ती आता पुण्यात असते. दहा वर्षांपूर्वी मी चुकलो, तुझं पहिलं मत मी घेतलं, असं सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘मामा, मी कोणाला देणार होते हे तुम्ही तेव्हा विचारलंही नव्हतं.’

नव्हतं विचारलं. आता विचारलं. तिने नाव सांगितलं, आणि 2013 च्या उमेदवारांची माहिती एडीआर या निवडणूक सुधारणांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर अजून आहे, ती आम्ही दोघांनी आपापल्या घरी उघडून फोनवर वाचली. त्या माणसाला मत द्यायला हवं होतं असं ती अजून म्हणते. मला त्याच्या एका खटल्याचं कलम खटकतं. यावर आमचं एकमत झालेलं नाही.