सही करू का?

निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या मागल्या अंगाला एक खोली आहे. तेथे शनिवारी सायंकाळी आम्ही इंग्रजी शिकवितो. शिकावयास येतात ती विड्या वळणाऱ्या बायांची मुले-मुली, दुकानांतील कारकून आणि एखाददुसरी संसारी बाई. घरी बोलणे मराठी आणि कचेरीतला कागद कानडी, ही इकडची १९५६ पासूनची रीत; इंग्रजी ही त्यावरची तिसरी पायरी.

आरंभी आम्ही भाषांतरच शिकविले आणि फसलो. मुले वाक्ये सुरेख फिरवीत, पण विचारीत काहीच नसत. मराठीत प्रश्न करणे किती सोपे! वाक्याच्या शेपटीला 'का' लावला की काम झाले. इंग्रजीत साहाय्यक क्रियापद उचलून कर्त्याच्या पुढे बसवावे लागते. पण खरी अडचण निराळीच. 'जाऊ का?' यात आपण परवानगी मागतो की सल्ला, हे ऐकणाऱ्याने सुरावरून ओळखावयाचे. इंग्रज मात्र दोन्ही वेगळे ठेवतो : परवानगीला 'मे आय', सल्ल्याला 'शुड आय'.

एका शनिवारी सराव ठेवला. प्रत्येकाने आपली अडचण सांगावी, इतरांनी 'यू शुड' म्हणून सल्ला द्यावा. डोकेदुखी झाली, चुकलेली एस.टी. झाली. मग एक बाई उठल्या. "माय ब्रदर सेज, साइन द पेपर. मे आय साइन?" कागद वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्राचा होता. आम्ही सवयीने दुरुस्ती केली : 'मे' नव्हे, 'शुड'. बाई थबकल्या. मग सावकाश म्हणाल्या, "शुड आय साइन?"

"यस, यू शुड. ही इज युवर ब्रदर," वर्ग एकसुरात म्हणाला. वाक्ये बिनचूक होती.

आता व्याकरण सांगावे की कायदा? आम्ही खडू खाली ठेवला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच. कर्नाटकात तो १९९४ साली आला, साऱ्या देशात २००५ साली, आणि २००५ मध्ये वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. मग पुन्हा खडू घेऊन फळ्यावर लिहिले : 'यू नीड नॉट साइन.'

लिहिता लिहिता हात जड झाला. पुराव्याच्या १८७२ च्या कायद्यात एक नियम होता, २०२३ च्या नव्या कायद्यातही तो राहिला आहे : विरुद्ध पक्षाने हरकत घेतल्यास, आपल्याच साक्षीदाराला उत्तर सुचविणारा प्रश्न न्यायालयाच्या परवानगीवाचून विचारता येत नाही. इतरांच्या बाबतीत या नियमावर आम्ही पुष्कळदा उठून हरकत घेतली आहे. वडील वारल्यावर धाकट्या बहिणीपुढे असाच कागद ठेवताना आम्ही विचारले होते, "तुझी काही हरकत नाही ना?" तेथे हरकत घ्यावयास दुसरा वकील नव्हता. "नाही, दादा," ती म्हणाली, आणि चहा घेऊन सासरी गेली.

मागल्या बाकावरून एका मुलीने हात वर केला.

"सर, डू यू हॅव अ सिस्टर?"

प्रश्नात दुरुस्त करण्याजोगे काही नव्हते.