अगस्तीचा तारा आणि तीन लेन्स

येळ्ळ अमावास्या जवळ आली की आमच्या घरात दोन भाषांतून बेत सुरू होतात. मी बेळगावचा, सौ.चे माहेर बदामीकडचे. मार्गशीर्षातली ही अमावास्या आम्ही तिच्या माहेरच्या शेतात साजरी करतो. सज्जी रोट्टी, एण्णेगायी, शेंगांची होळगी असा थाट असतो. दुपारी पिकात चरगा शिंपडायचा आणि झाडाखाली सगळ्यांनी मिळून जेवायचे. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र गाडीत डब्यांशेजारी आणखी एक पिशवी होती. तिला धक्का लागू नये म्हणून लेक बेळगावपासून ती मांडीवर घेऊन बसली होती. पिशवीत कॅमेरा आणि तीन लेन्स होत्या.

लेकीला निसर्गदृश्यांचे आणि रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचे वेड आहे. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मि.मी.ची लेन्स तिला अपुरी वाटू लागली होती. शिकवण्या घेऊन दोन वर्षे साठवलेले पैसे तिला एका ११-१६ मि.मी., एफ २.८ च्या लेन्सवर घालायचे होते. तेवढ्यानेही भागत नव्हते, म्हणून प्रकरण माझ्यापर्यंत आले. मी एकच अट घातली. आधी भाड्याने आणून वापर, मग बोलू. तशी ती लेन्स आली. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्राने आपली ५० मि.मी., एफ १.८ ची लेन्स उसनी दिली. तिसरी घरचीच.

ज्यांना या आकड्यांची सवय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मि.मी.चा आकडा जितका लहान, तितका जास्त रुंद देखावा फोटोत मावतो. 'एफ'पुढचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे भोक मोठे उघडते आणि प्रकाश जास्त आत येतो. एफ ३.५ पेक्षा एफ २.८ ला साधारण दीडपट प्रकाश मिळतो, तर एफ १.८ ला जवळजवळ चौपट. किंमत चढते ती मुख्यतः इथे.

आदल्या दिवशी दुपारीच आम्ही बदामीच्या अगस्त्य तीर्थावर पोचलो. ही चालुक्यांची वातापी. पहिल्या पुलकेशीने इ.स. ५४३ मध्ये इथला डोंगर तटबंदीने बांधून काढला. दोन्ही अंगांना तांबड्या वालुकाश्माचे कडे, मध्ये तळे आणि तळ्याच्या पूर्व काठावर भूतनाथाची देवळे. अगस्ती ऋषींनी वातापी राक्षस पोटात जिरवला, ती कथा आपण दोन्ही भाषांत ऐकलेली. देवळे पश्चिमेकडे पाहतात, म्हणून मावळतीचे ऊन थेट त्यांच्यावर पडते आणि दगड पेटल्यासारखा दिसतो.

लेकीने मोठ्या उत्साहाने आधी ११ मि.मी.ची लेन्स लावली. सगळे तळे, दोन्ही कडे, वर आभाळ, सारे एका फोटोत आले. पण पडद्यावर पाहिले तर कडे टेकाडाएवढे, देऊळ काड्यापेटीएवढे आणि निम्मा फोटो नुसते पाणी. तिचा चेहरा उतरला. मग ती खाली वाकली, घाटाच्या भिजलेल्या पायऱ्या अगदी समोर घेतल्या, तेव्हा फोटोत जीव आला. रुंद लेन्सला जवळ काहीतरी लागते, नाहीतर ती दूरचे सगळे आणखी दूर ढकलते. त्यानंतर ५० मि.मी. लावून पलीकडच्या काठावरून भूतनाथ घेतला, तर मागचा कडा देवळाला टेकल्यासारखा जवळ आला. त्या संध्याकाळचे सर्वांत देखणे चित्र तेच. निसर्गदृश्य म्हणजे रुंद लेन्स, हा आमचा समज तळ्याच्या काठावरच गळून पडला.

शिवाय दिवसा मोठ्या भोकाचा काही उपयोगच नव्हता. पायरीपासून कड्यापर्यंत सगळे रेखीव यावे म्हणून ती कॅमेरा तिपाईवर ठेवून एफ ८ ते ११ वरच काम करत होती. एकदा तिने एफ २२ करून पाहिले, तर भोक फार बारीक झाल्याने उलट चित्र मऊ पडले. म्हणजे एफ २.८ साठी मोजायचे पैसे दिवसाच्या फोटोंपुरते वायाच. खरी परीक्षा रात्री होणार होती.

सूर्यास्तानंतर स्मारकांच्या आवारात थांबता येत नाही आणि गावाच्या दिव्यांत तारेही दिसत नाहीत. म्हणून रात्रीसाठी शेतच ठरले होते. दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणे आटोपली, पाहुणे पांगले. आम्ही चौघे मागे राहिलो, मी, सौ., लेक आणि माझे सासरे, म्हणजे लेकीचे अज्जा. अज्जांनी चौऱ्याऐंशी ओलांडली आहे. गुडघे साथ देत नाहीत, तेव्हा रात्री शेतावर मुक्कामाला येण्याची ही शेवटचीच खेप, असे त्यांनी जेवताना सहज सांगून टाकले होते. सौ. त्यावर काही बोलली नाही, पण तिचे जेवण तिथेच थांबले.

तिन्ही लेन्स घोंगडीवर मांडलेल्या पाहून अज्जा हसले. "माझ्या दोन्ही डोळ्यांत लेन्स बसवल्या, तेव्हा मला कुणी एवढे विचारले नाही," म्हणाले.

लेकीला काढायची होती आकाशगंगा. अमावास्या निवडली, चंद्र नाही, सगळे बरोबर. पण अंधार झाला, आठ वाजले, नऊ वाजले, तरी फोटोत दिसते तसला तेजस्वी पट्टा काही उगवेना. आभाळभर पुसट पांढुरका पदर तेवढा होता. "तो भाग कुठे असतो?" अज्जांनी कानडीत विचारले. "धनू आणि वृश्चिक राशींपाशी," ती म्हणाली. "मग आता धनुर्मास चाललाय. सूर्यच धनू राशीत बसलाय, तर ती रास रात्री कशी दिसेल? मृगशिराची मळी पडते तेव्हा मृग कधी आभाळात दिसतो का?"

लेक गप्प झाली. लेन्सचे सगळे आकडे तिला तोंडपाठ होते, पण सूर्य कुठे आहे हे पाहायचे राहून गेले होते. आकाशगंगेचा तो भाग आपल्याकडे मार्चमध्ये पहाटे आणि मे महिन्यात रात्री चांगला दिसतो. पुढे पावसाळी ढग येतात. म्हणजे वर्षातून कामाच्या रात्री मोजक्याच.

आता समोर जे होते तेच काढायचे. पहिला तास फुकट गेला, कारण अंधारात कॅमेऱ्याचे आपोआप फोकस होत नव्हते आणि सगळे तारे फुगलेले येत होते. मग तिने व्याधाचा तारा पडद्यावर मोठा करून, हाताने रिंग फिरवून, तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत फोकस जुळवले. पृथ्वी फिरते, त्यामुळे फोटो फार वेळ उघडा ठेवला तर ताऱ्यांच्या रेघा होतात. तिच्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ढोबळ हिशेब असा : मि.मी.ला दीडने गुणायचे आणि त्या संख्येने ५०० ला भागायचे. ११ मि.मी.ला ३० सेकंद मिळतात, १८ ला साधारण १८, तर ५० ला जेमतेम साडेसहा. वेळ आणि भोक दोन्ही धरले तर भाड्याच्या लेन्सला घरच्या लेन्सच्या अडीचपट प्रकाश मिळत होता. ती उगीच महाग नाही, हे मलाही कबूल करावे लागले. ५० मि.मी.मध्ये मृग नक्षत्र नेमके मावले, पण भोक पूर्ण उघडल्यावर कडेच्या ताऱ्यांना पाखरासारखे पंख फुटले. एफ २.८ पर्यंत भोक लहान केल्यावर ते बरेच मिटले.

साडेदहाच्या सुमारास अज्जांनी दक्षिणेकडे हात केला. "अगस्त्य बंद नोडु!" शेताच्या बांधावर, बराच खाली, एक ठळक तारा स्थिर तेवत होता. काल ज्याच्या तळ्यावर होतो तोच हा अगस्ती. बदामीहून तो क्षितिजापासून जेमतेम एकवीस अंश वर चढतो. शरदात हा पहाटे दिसू लागला की नदीचे पाणी निवळते, असे माझी आई सांगायची. अज्जांच्या आईनेही त्यांना तेच सांगितले होते, कानडीत.

"अज्जा, तिथेच बसा," लेक म्हणाली. ११ मि.मी.मध्ये अज्जा फारच लहान दिसत होते आणि फाट्यावरचा नवा उंच दिवाही फोटोत घुसत होता. तिने घरचीच १८-५५ लावली, कॅमेरा उभा केला. खाली घोंगडी पांघरलेले अज्जा, त्यांच्या डोक्यावर अगस्ती, त्याहून वर व्याध. १८ मि.मी., एफ ३.५, आयएसओ ३२००, पंधरा सेकंद. "अज्जा, अल्लाडब्याड!" अज्जा पंधरा सेकंद खरोखरच हलले नाहीत. मला वाटते, आम्ही तिघांनीही श्वास रोखून धरला होता.

फोटो थोडा खरखरीत आहे. महाग लेन्सने तो अधिक स्वच्छ आला असता. पण अज्जांचा चेहरा ताऱ्यांच्या उजेडात ओळखू येतो आणि सौ.ने तो मोठा करून माहेरच्या सोप्यात लावला आहे.

बेळगावला आल्यावर लेकीने भाड्याची लेन्स परत केली. साठवलेल्या पैशांतून एक दणकट तिपाई घेतली, कारण वाऱ्याने आमची जुनी तिपाई थरथरत होती. उरलेले पैसे तसेच आहेत. उन्हाळ्यातल्या अमावास्येला ती लेन्स पुन्हा भाड्याने आणायची आणि आकाशगंगेच्या दोन-तीन रात्री काढून मगच विकत घ्यायची की नाही ते ठरवायचे, असा तिचाच निर्णय आहे. तुमच्या घरी कुणी लेन्ससाठी हट्ट धरून बसले असेल, तर आधी त्याला विचारा, चित्रात काय हवे आहे आणि ते कोणत्या महिन्यात, कोणत्या दिशेला दिसते. पंचांग घरात असतेच, आणि घरात अज्जा असतील तर त्यांनाही विचारून घ्या.