सईचा दीर्घ ई

पनवेल,
मंगळवार रात्र

प्रिय वहिनी,

फोनच केला असता. पण परवा माझ्या फोनच्या आवाजानं बाळ दचकून उठलं आणि तुझ्या आईनं तुझा मोबाइल कपाटात टाकला, असं दादा म्हणाला. बरं केलं त्यांनी. दादा उद्या पेणला निघतोय, तर हे पत्र अळिवाच्या लाडवांच्या डब्यात सगळ्यात वर ठेवते. लाडू आधी खा, पत्र मग वाच.

नावावर आता वाद उरलेला नाही. सई तुला आवडलं, दादाला आवडलं, आणि आईनं पंचांग काढून ते शततारकेच्या गो, सा, सी, सू मध्ये बसवूनही घेतलं. (स आणि सा यांत पंचांग भेद करत नाही. तेवढं त्याचं मन मोठं आहे.) घोडं अडलंय ते इंग्रजी स्पेलिंगवर. दादानं विजेच्या बिलाच्या पाठीमागे सहा स्पेलिंगं लिहून फ्रिजवर लावलीत. एस-ए-आय, एस-ए-ई-ई, एस-ए-वाय-ई-ई, एस-ए-वाय-आय, एस-ए-आय-ई, आणि खाली लाल पेनानं एस-ए-आय-ई-ई. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यातलं एक मोठ्यानं वाचून दाखवतो. कालपासून तुझ्या लेकीला साई, सायी, सयी, साय अशा हाका मारून झाल्यात. साय म्हणाला तो दूधवाला. त्याला दोष देता येत नाही.

दादाला घाई झालीय, पण घाईचं कारण नाही. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असते आणि ती इस्पितळातून झालेली आहे. नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद करता येते. नंतर वर्षभरात नाव घातलं तर पैसे पडत नाहीत, आणि विलंब शुल्क भरायची तयारी असेल तर पंधरा वर्षांपर्यंत मुभा आहे. आपल्या आजीच्या नोंदीत तर नाव कधी पडलंच नाही. पनवेलला नगरपालिका १८५२ पासूनची, २०१६ मध्ये तिची महानगरपालिका झाली, पण आजीच्या नोंदीत नावाच्या जागी अजूनही नुसतं ‘स्त्री’ आहे. आजीला त्याचं काही वाटत नसे. ती म्हणायची, हाक मारणाऱ्याला ठाऊक होतं की.

मात्र आपल्या पोरीच्या वेळेला कागद वाढलेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं ठरलंय. म्हणजे सईच्या पाठोपाठ तू येणार आहेस, दादाच्या आधी. मला याचा फार आनंद झाला. तेवढ्यात आठवलं की तुझं अमृता पासपोर्टवर आर-यू आहे आणि बँकेच्या पासबुकावर आर-आय. पोरीच्या नावात तुझं कोणतं स्पेलिंग जाणार, हे आधी ठरव. माझं विचारशील तर आर-यू. आपण मराठी माणसं ऋ चा उच्चार रु करतो, हिंदीवाले रि करतात. म्हणून आपली ऋचा आर-यूनं लिहिते आणि त्यांची आर-आयनं. एका अक्षरावरून माणूस कुठल्या गावच्या पाण्यावर वाढलं ते कळतं. ते का पुसायचं?

आता माझं गाऱ्हाणं ऐकून घे, कारण या विषयात मी भाजलेली आहे. माझ्या प्रज्ञा नावातला ज्ञ. आपण म्हणतो द्न्य, हिंदी मुलखात ग्य, गुजरातीत ग्न. बाबांनी शाळेच्या अर्जावर डी-एन-वाय घातलं, अगदी ज्ञानेश्वरांचं घालतात तसं. मग दहावीच्या वर्षी कुणीतरी त्यांना सांगितलं की संस्कृतला धरून जे-एन बरोबर. बाबांनी पुढच्या कागदांवर ते लावलं. दोन्ही स्पेलिंगं आपापल्या जागी बरोबर होती, पण एकाच मुलीच्या कागदांवर ती दोन मुली झाली. शेवटी प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव, चार फेऱ्या. एवढं करून इंदूरच्या नोकरीत पहिल्या दिवशी साहेबांनी हाक मारली, ‘प्रदनिया जी!’ मी उठले नाही. मला वाटलं दुसरी कुणीतरी आहे. आठवडाभरानं त्यांनी विचारून घेतलं आणि पुढची तीन वर्षं नीट म्हणत होते. कागदावर तेच स्पेलिंग, काना-मात्रेचाही फरक नाही. साहेब सुधारले ते माझ्या तोंडून ऐकून.

हेच मी दादाला दोन दिवस सांगतेय. त्याला असं स्पेलिंग हवंय की लंडनमधल्या बाईनंसुद्धा पाहताक्षणी सई म्हणावं. तसं स्पेलिंग नाही. सव्वीस अक्षरांत आपला ळ नाही, त आणि ट ला मिळून एकच टी, चहातला च आणि चुलीतला च एकाच सी-एचमध्ये कोंबलेले. शेजारच्या केरळी काकू त साठी टी-एच लिहितात, लता असली की तिला एच लावतात, आणि आपण ते वाचून लथा म्हणतो. चूक कुणाचीच नाही. तुझं पहिलं आवडतं नाव जाई होतं ना? ते इंग्रजीत लिहून बघ. जे-ए-आय. झाला जय! वर त्यातला आपला दंततालव्य ज, जो जरा आणि जागा मधे येतो, तो तर कुठल्याच अक्षरानं निघत नाही. त्या मानानं सई सोपी.

सई ताम्हणकर एस-ए-आयच लिहिते. ते वाचून महाराष्ट्रात कुणी तिला साई म्हणालेलं मी ऐकलं नाही. महेश मांजरेकरांची मुलगी तेच नाव एस-ए-आय-ई-ई लिहिते, आणि तिलाही सईच म्हणतात. मग दोन ई वाया गेले की कामाला आले, तूच सांग.

दोन ई वरून मला आनंदीबाई आठवल्या. कल्याणची यमुना. लग्नात नाव बदलून आनंदी झाली, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन आली आणि पुढच्याच वर्षी गेली. इंग्रजीत त्यांचं जोशी दोन ई लावून लिहिलेलं सापडतं. अमेरिकनांनी शी ऱ्हस्व म्हणू नये म्हणून असेल, किंवा तेव्हाची पद्धतच तशी असेल. पण गंमत पुढे आहे. त्या गेल्यावर १८८८ मध्ये कॅरोलिन डॉल या बाईंनी त्यांचं इंग्रजी चरित्र छापलं, त्याच्या मुखपृष्ठावर जोशीचे दोन्ही ई जागच्या जागी आणि नाव मात्र आनंदाबाई! आडनावाचा शेवट सांभाळला, नावातला ई निसटला. ज्यांनी एवढ्या मायेनं पुस्तक लिहिलं त्यांच्या हातून हे झालं. मला ते वाचून वाईट वाटलं नाही, का कोण जाणे. नाव बदलायची सवय आनंदीबाईंना आपल्या घरातूनच लागली होती. आपल्या आईचंही लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं होतं, आणि तेव्हा तिला स्पेलिंग सोड, नाव विचारायलाही कुणी आलं नव्हतं.

आपल्या पनवेलचंच बघ. जुन्या इंग्रजी पुस्तकांत मधे डब्ल्यू आणि शेवटी दोन एल सापडतात. म्हणजे पॅन आणि वेल, तवा आणि विहीर. पनवेल काही त्यामुळे तवा झालं नाही.

सई हा शब्द तर किती जुना आहे! संस्कृतातली सखी महाराष्ट्री प्राकृतात सही झाली. हालाच्या गाथासप्तशतीतल्या बायका एकमेकींना तीच हाक मारतात. मग ह झिजला आणि सई राहिली. शंभूराजांच्या आई सईबाई १६५९ मध्ये राजगडावर गेल्या. त्यांच्या काळच्या मोडीत इकाराला ऱ्हस्व-दीर्घच नाही, त्यामुळे हा ई दीर्घ की ऱ्हस्व ही पंचाईत कुणाला पडली नसावी. आपल्याला मात्र देवनागरीत दीर्घच हवा. ‘सइ’ लिहिलेलं परवा एका शुभेच्छापत्रावर दिसलं, अक्षर थंडीनं आखडल्यासारखं.

माझी खरी काळजी देवनागरीची आहे, इंग्रजीची नाही. माझ्या मैत्रिणीच्या मुलीचं ओळखपत्र काढताना नाव इंग्रजीत एस-ए-आय टंकलं, यंत्रानं आपल्या मनानं देवनागरीत साई केलं, आणि समोर बसलेल्या मुलानं ते तसंच पुढे ढकललं. कार्ड घरी आल्यावर कळलं. तेव्हा जिथे जिथे दोन रकाने असतील तिथे दादानं मराठीचा रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा. हे त्याला तू सांग, माझं तो ऐकत नाही.

इंग्रजीत मी एस-ए-ई-ई म्हणते. यंत्रानं साई करायचा धोका त्यात जरा कमी, आणि आनंदीबाईंचे दोन ई. कुणी गोरा माणूस ‘सी’ म्हणेल. म्हणू दे, ती सांगेल त्याला. तुला एस-ए-आयच आवडत असेल तर माझी हरकत नाही. मात्र एकदा जे ठरेल तेच दवाखान्यात, शाळेत, पासपोर्टवर, सगळीकडे. मावशींच्या अंकशास्त्रज्ञांनी सुचवलेला जादा ए कृपा करून घेऊ नका. आमच्या ओळखीत दोन जादा ए आहेत, दोघींचं भाग्य होतं तिथेच आहे आणि फॉर्मचे रकाने पुरत नाहीत.

आणि हो, इथल्या नव्या विमानतळाला कुणाचं नाव द्यायचं त्यासाठी २०२१ मध्ये आपल्याकडे मानवी साखळी झाली होती, आठवतं ना? दादाला म्हटलं, तुझ्या सहा स्पेलिंगांसाठी आता तेवढंच बाकी आहे.

रविवारी बारशाला आम्ही सगळे सकाळच्या गाडीनं पेणला येतो. वरवंट्याला घालायला आईनं झबलं शिवलंय, घुगऱ्यांचे हरभरे शनिवारी रात्री तिकडेच भिजत घाला. कुर्र करताना माझ्या पाठीत धपाटे घालायचा तुझा मान आहे, पण तुझे टाके अजून ओले आहेत, तेव्हा हळू. कानात मी तीनदा सांगणार आहे आणि ई चांगला लांब ओढणार आहे. तिला एकदा तो ऐकू दे, मग फ्रिजवरचं बिल मी काढून टाकते.

नाव नोंदवायचा फॉर्म सोबत ठेवलाय. मराठीचा रकाना मी शाईनं भरलाय, इंग्रजीचा पेन्सिलीनं. खोडरबर डब्यातच आहे. खाली डाव्या कोपऱ्यात तुझी सही लागेल.

तुझी नणंद
(आणि रविवारपासून रीतसर आत्या)