हातात बांगड्या

"हातात बांगड्या भरल्यात का?" हे वाक्य शाळेच्या मैदानावर मी ३६ वर्षं ऐकलं. कबड्डीत मागे राहणाऱ्या पोराला दुसरं पोर हमखास हेच म्हणायचं. म्हणून अमेरिकेत 'बांगड्या' नावाचा चार बायकांचा बँड होता आणि गिटार-ड्रम वाजवून त्या जगभर गाजल्या, हे नातीकडून ऐकलं तेव्हा आधी हसूच आलं.

नात नागपूरला शिकते, गिटारच्या क्लासला जाते. दिवाळीत आली तेव्हा तिने मोबाईलवर त्यांची गाणी ऐकवली. बँडचं नाव 'बँगल्स', स्थापना १९८१, गाव लॉस एंजेलिस. आधी नाव होतं 'बँग्ज'. ते दुसऱ्याच कुणाचं निघालं म्हणून शेवटी अक्षरं जोडून बांगड्या केल्या! व्हिकी आणि डेबी पीटरसन या सख्ख्या बहिणी, एक गिटारवर, दुसरी ड्रमवर. सुझॅना हॉफ्सकडे गिटार आणि मायकेल स्टीलकडे बास गिटार (नाव बाप्याचं, पण आहे बाईच). १९८६ साली त्यांचं 'मॅनिक मंडे' अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेलं आणि वर्षाअखेर 'वॉक लाइक ॲन इजिप्शियन' पहिल्या. शब्द मला निम्मेच कळले, आमचं बी.ए. मराठी माध्यमातलं. पण चार आवाज एकमेकींना सांभाळून घेत कसे चालतात ते कळायला इंग्रजी लागत नाही. जात्यावर दोघी बसल्या की एकीची ओवी दुसरी उचलते, तसंच काहीसं.

त्यांच्याही आधी 'गो-गोज' नावाच्या पाचजणी होत्या. स्वतः लिहिलेली गाणी स्वतःच वाजवून अमेरिकेच्या अल्बमच्या यादीत पहिल्या आलेला बायकांचा तो पहिला बँड, १९८२ साली. ही झाली कौतुकाची माहिती. माझ्या मनात मात्र दुसरीच गोष्ट अडकून बसली.

त्या इजिप्शियन गाण्यात ड्रम वाजवणारी डेबी ड्रम वाजवतच नाही! रेकॉर्डिंगच्या वेळी निर्मात्याने तालाचं यंत्र लावलं. बाकी तिघींना एकेक कडवं गायला मिळालं, हिला तेही नाही. टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात हे गाणं चालू असताना ती आपली खंजिरी घेऊन उभी. खंजिरीला कमी लेखायची आमच्या विदर्भात सोय नाही म्हणा, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तिच्यावर गावंच्या गावं जागी केली. पण जिचा ड्रम काढून घेतला तिच्या हातात ती आली की गोष्ट निराळी होते.

मंडळी, बाईने गावं आणि ताल पुरुषाने धरावा ही वाटणी आपल्याकडेही फार जुनी. लहानपणी मंडईच्या रात्री आम्ही दंडार पाहायचो, तेव्हा त्यात बाईचं कामसुद्धा पोरंच करत. पुढे झाडीपट्टीच्या नाटकांत बायका आल्या, गाऊ लागल्या, नावारूपाला आल्या. पण मी पाहिलेल्या एकाही नाटकात तबल्यावर बाई बसलेली नव्हती.

आमचं महिला भजनी मंडळही असंच. आम्ही चौदाजणी. पेटी आमच्यातलीच एक वाजवते, ढोलकीला मात्र एक भाऊ येत. स्वभावाने देवमाणूस, पण राईस मिलमध्ये कामाला. धानाचा हंगाम आला की त्यांची पाळी लांबे आणि आमचं भजन त्यांच्या सायकलची घंटी ऐकू येईपर्यंत ताटकळे. एका कार्तिकात ते आठ दिवस आलेच नाहीत. काकड आरती नुसत्या टाळांवर झाली.

नवव्या दिवशी मंडळातली एक बाई, वय ५२, त्यांना म्हणाली, "भाऊ, मलेच शिकवून द्या ना." भाऊ गडबडले. "बाईच्या हाताची थाप दबते," म्हणाले. तरी शिकवायला तयार झाले. अडचण आली ती घरून. काचेच्या बांगड्या घालून ढोलकी वाजत नाही, किणकिणतात नाहीतर फुटतात. आणि काढून ठेवाव्या तर सासूबाई कळवळल्या, "नवरा जिता असताना रिकामे हात? लोक काय म्हणतील?" म्हातारीला दोष देण्यात अर्थ नाही. ओक्याबोक्या हातांचा अर्थ तिने तिशीपासून स्वतःच्या अंगावर वागवला होता. शेवटी बाईनेच तोड काढली. बांगड्या कोपराकडे सरकवायच्या, वर हातरुमाल गच्च बांधायचा. भजन संपलं की रुमाल सुटतो आणि बांगड्या खळ्ळकन खाली येतात.

थाप दबण्याचं म्हणाल तर मुंबईच्या आबान मिस्त्रींनी तबल्यावर केवढा अभ्यास केला, एकल तबला वाजवला, २०१२ साली गेल्या. सरोद वाजवणाऱ्या जरीन दारूवाला कितीतरी हिंदी गाण्यांत आहेत, आपण ऐकतो फक्त गाणारीचं नाव. अनुराधा पाल तर उस्ताद अल्लारखाँ आणि झाकीर हुसेन यांच्या शिष्या. त्यांनी १९९६ मध्ये 'स्त्री शक्ती' हा नुसत्या बायकांचा तालवाद्यांचा संच उभा केला. हे मी मंडळात सांगितलं तेव्हा ती बाई एवढंच म्हणाली, "त्यांच्या बांगड्याचं त्या काय करतात वो?" मला उत्तर देता आलं नाही.

काश्मीरमध्ये 'प्रगाश' नावाचा तीन शाळकरी मुलींचा बँड निघाला होता. धमक्या आल्या, फतवा निघाला आणि २०१३ साली पोरींनी वाजवणं थांबवलं. बँगल्सही १९८९ मध्ये फुटल्या होत्या, पण दहाएक वर्षांनी पुन्हा एकत्र आल्या आणि डेबी पुन्हा ड्रमवर बसली. त्या काश्मिरी पोरींचं पुढे काय, हा विचार मला राहून राहून छळतो.

असो. आमच्या बाईचा केरवा आता पक्का झालाय, दादऱ्यात मात्र घाई करते. भाऊ हल्ली गुरुवारी समोर सतरंजीवर बसतात, मांडीवर ताल धरतात. ती चुकली की डोळे मिटून मान हलवतात, आणि चहा झाल्याशिवाय उठत नाहीत.