मावशीचा ओटा

मी जळगावला एका डाळ मिलच्या कचेरीत कारकून आहे. बी.कॉम. झाल्यापासून जमा आणि नावे या दोन रकान्यांतच दिवस जातो. सुटीच्या दिवशी समाजाचे अर्ज लिहून देतो, एवढेच माझे सामाजिक कार्य. आईचे माहेर इथून दीड तासावरचे एक तालुक्याचे गाव. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. खान्देशातल्या वाचकांना आपलेच गाव वाटेल, तेही चालेल.

गेल्या हिवाळ्यात तिथल्या विहारात वंदना आटोपून मी पायात चप्पल घालत होतो. धाकटी मावशी जवळ आली. तीस वर्षांवर झाली, ती पालिकेच्या मंडईत भाजी विकते. म्हणाली, "भाऊ, आमची मंडई पाडणार म्हणे. खाली दुकानं, वर हॉल, त्याच्यावर ऑफिसं आन् राहायचे ब्लॉक. तू तर जळगावला राहतोस. तिथं येवढाले मार्केट झाले, तर तिथल्या टोपलीवाल्या बायांचं काय झालं?"

मी रोज गोलाणी मार्केटवरून कामाला जातो. फुले मार्केट, गांधी मार्केट, पालिकेची सतरा मजली इमारत, पाहुणा आला की कौतुकाने दाखवतो. पण मावशीच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता, याची लाज वाटली.

मग वाचायला बसलो. जळगावचे प्रकरण देशभरच्या वकिलांना माहीत आहे. नगरपालिकेकडे मोक्याची जमीन होती, पण बांधायला पैसा नव्हता. तेव्हा अशी योजना निघाली की जमीन पालिकेची, पैसा बांधकाम करणाऱ्याचा. त्याने व्यापारी संकुल उभे करावे, ठरलेला भाग पालिकेला फुकट द्यावा आणि उरलेल्या गाळ्यांचे हक्क लोकांना देऊन आपला खर्च व नफा काढून घ्यावा. काही नागरिक याविरुद्ध कोर्टात गेले. महाजन विरुद्ध जळगाव नगरपालिका हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि सप्टेंबर १९९० मध्ये निकाल पालिकेच्या बाजूने लागला. रूढ पद्धतीपेक्षा वेगळी पद्धत वापरली म्हणून ती बेकायदा ठरत नाही, असा त्याचा मथितार्थ. पालिका अशा योजना आपल्या जमिनीवर राबवू शकते, हे त्यातून पक्के झाले.

निकालाशी माझे भांडण नाही. कोर्टापुढे जो प्रश्न गेला त्याचे उत्तर कोर्टाने दिले. जमीन कशी द्यावी, अधिकार कोणाला, पद्धत वाजवी की गैरवाजवी, हा तो प्रश्न. मावशीचा प्रश्न निराळा आहे. इमारत झाल्यावर तिने बसायचे कुठे? असा प्रश्न कोणी आधी लिहून दिला नाही, तर तो कोणाच्याच फाइलीत जात नाही.

(जळगावच्या घरकुलांचे प्रकरण इथे काढत नाही. त्यात धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिक्षा सुनावल्या, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

दुसरी गोष्ट गाळ्यांची. २००३ साली जळगावची महानगरपालिका झाली. पुढे २०१२ मध्ये तिच्या अनेक संकुलांतल्या गाळ्यांची मुदत संपली. गाळे दोन हजारांच्या वर. मुदत संपली म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी दुकानदाराला बाहेर काढले नाही. नोटिसा, थकबाकीचे हिशेब, मोर्चे, कोर्ट, मंत्रालय असे ते वर्षानुवर्षे चालले. गाळेधारकांचा मला राग नाही, त्यातले कित्येक माझ्यासारखेच पोटार्थी आहेत. पण त्यांच्याजवळ करारनामा होता, म्हणून त्यांच्याशी बोलणी झाली. टोपलीवालीजवळ कागद नसतो. तिच्या बाबतीत गाडी येते, वजनकाटा उचलते आणि जाते. धुळ्याला पाचकंदीलवर बसा की जळगावला सुभाष चौकात, यात फारसा फरक नाही.

मी मावशीला विचारले, "तुझ्याजवळ काय कागद आहे?"

"रोजची पावती फाडतात ना."

"दाखव."

"त्या काय ठेवायच्या असतात का? संध्याकाळी मिरच्या बांधून देते गिऱ्हाइकाला."

तीस वर्षांचा पुरावा मिरच्यांच्या पुड्यांतून गेला होता. मी कारकून माणूस, मला वाटले, पावती गेली तरी स्थळप्रत कुठे जाते? पालिकेत पावती पुस्तके असणारच. माहितीच्या अधिकारात अर्ज केला. बाजार वसुलीचा ठेका दरसाल लिलावाने जातो, त्यामुळे जुनी पुस्तके ठेकेदारांकडे, असे उत्तर आले. अपील केले, तेव्हा अलीकडच्या तीन वर्षांची पुस्तके पाहायला मिळाली. दोन दिवस रजा काढून बसलो. पानापानावर तारीख होती, रक्कम होती, वसुली कारकुनाची सही होती. नाव मात्र कोणाचेच नव्हते. पैसे जमा झाले ते पक्के, देणारी कोण हे कोऱ्यात. इतकी वर्षे हिशेब लिहिले, पण अशी जमेची बाजू मी पाहिली नव्हती.

महाडच्या तळ्याचा सत्याग्रह आपल्या घरातल्या लहान पोरालाही माहीत असतो. त्यानंतरचा दिवाणी दावा आपण कमी वाचतो. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा दाखल झाला. त्यात सवर्णांचे म्हणणे होते की तळे आमच्या खासगी मालकीचे आहे. मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत नकाशे, दफ्तरे, साक्षी सगळे तपासले गेले. तळे खासगी नाही, पालिकेच्या ताब्यातले आहे, आणि अस्पृश्यांना बंदी घालणारी प्राचीन रूढी शाबीत झाली नाही, असे ठरले. एका तळ्यासाठी बाबासाहेबांनी दहा वर्षे कागद लढवले. मी दोन दिवसांत कंटाळलो होतो.

आता कायदा आपल्या बाजूला थोडा तरी आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही. जागा बदलायची तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांतून निवडलेले, त्यांत एक तृतीयांश महिला. मंडईतला ओटा पथविक्रीत बसतो का, यावर वकील वाद घालतील. म्हणून दुसरी बाजूही धरली. विकास आराखड्यात ती जागा मंडईसाठी राखीव आहे. तिचा वापर बदलायचा तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे नोटीस काढून हरकतींसाठी एक महिना द्यावा लागतो. ती नोटीस निघाली होती. वर्तमानपत्रात आतल्या पानावर, मंडईतल्या कोणी वाचली नाही. महिना संपायला नऊ दिवस बाकी होते.

त्या नऊ दिवसांत मंडईतल्या बायांची यादी केली. पावतीवर नाव नाही तर शेजारणीने शेजारणीची साक्ष द्यायची, असे ठरले. इथे खरी अडचण आली. माळीणबाई, तांबोळीण, आमच्या वस्तीतल्या बाया, सगळ्या एका ओळीत बसतात, पण ओळीच्या कोणत्या टोकाला कोणी बसायचे याचे जुने हिशेब आहेत. आमच्या बाया कायम शेवटी, गटारीजवळ. तरी पहिली साक्ष मावशीसाठी माळीणबाईनेच दिली. म्हणाली, "ही माझ्याआधी येते रोज." एकेचाळीस सह्या आणि अंगठे झाले. मागणी एकच लिहिली. नवी इमारत बांधा, पण तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला तेवढेच ओटे नकाशात दाखवा, नावानिशी.

नकाशा मी त्यांना मंडईतच उलगडून दाखवला. मावशीने बोट फिरवून तिची जागा विचारली. तिथे मोटारसायकली उभ्या करायच्या चौकोनी रेघा होत्या. ती काही बोलली नाही, नकाशावर पडलेले कोथिंबिरीचे पान तेवढे उचलले.

सुनावणीचे पत्र आले आहे. मंगळवार, सकाळी अकरा. मंगळवार आमच्या आजोळी आठवडी बाजाराचा दिवस. अकराला गिऱ्हाईक भरात असते, आणि त्या दिवशीच्या गल्ल्यावर बायांचा आठवडा निघतो. मी तारीख बदलून मागायचा अर्ज लिहायला घेतला, तर मावशीने हात धरला. "तारीख बदलली तर अजून दोन महिने जातील. निम्म्या आम्ही येतो, निम्म्या दोन-दोन टोपल्या सांभाळतील."

माळीणबाई तिची टोपली सांभाळणार आहे. मी त्या दिवसाची रजा टाकली आहे.