दावणीला राहिलेली धाव

आमच्या पेठ-मंचरच्या टापूत घाट म्हणजे शर्यतीचा चढ. पुढे घोडीवर स्वार, मागे चार बैलांचा गाडा आणि हिशेब सेकंदांचा. गाडा कुणी बनवला हे फारसे कोणी विचारत नाही. बैल कुणाचा, कुणाच्या दावणीवरून आला, कोणत्या यात्रेत पहिला आला, हे मात्र पारावर तोंडपाठ असते.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. पुन्हा परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ ला. तुम्ही जनावरे सांभाळता, तुम्हीच हिशेब करा. बंदीच्या वेळी चार वर्षांचा असलेला खिलार खोंड तोवर साडेअकराचा झाला. उमेदीची सगळी वर्षे दावणीला! औतकाम ट्रॅक्टरकडे गेलेले, मग बैल ठेवायचा कशासाठी? तरी ज्यांनी पेंड-वैरण तोडली नाही, तेच खरे गाडामालक.

१८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. नियमांनी काठी-चाबकाला मनाई केली, हे बरेच झाले. टोचून पळवलेल्या बैलाचे कौतुक कसले?

आता घाटात नवे खोंड पळतात. कुणाच्या गोठ्यात म्हातारा खिलार दिसला, तर मालकाला एवढेच विचारा, २०१४ साली हा केवढा होता?